एरचच्या आकाशाचं इंग्रजी

विश्वंभर लघाट्यांचं इंग्रजी चांगलं आहे, अशी झाशीतल्या त्यांच्या कचेरीत तीस वर्षांपासूनची समजूत होती. या समजुतीचा त्यांना फायदा कधी झाला नाही, त्रास मात्र रोजचा होता. कोणाच्या मुलीचं लग्न काढलं की बायोडेटा लघाट्यांकडे. कोणाला शाळेत अर्ज द्यायचा असला की लघाट्यांकडे. लखनौहून इंग्रजीत काही विचारणा आली, तर ते रागावलेत की नुसतं विचारतायत एवढं सांगायलाही लघाटेच. स्वतः लघाट्यांना आपलं इंग्रजी चांगलं आहे असं मुळीच वाटत नसे. "मी शब्दकोश उघडून बघतो, बाकीचे बघत नाहीत, इतकंच," असं ते घरी म्हणत. कचेरीत म्हणत नसत, कारण तिथे त्यांना 'बड़े बाबू' म्हणून मान होता आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

त्यांच्या खात्याने त्या वर्षी एरचला, बेतवेच्या काठी, एकतीस पायऱ्यांचा घाट बांधला होता. कागदावर तरी एकतीस होत्या. उद्घाटन सप्टेंबरातल्या एका गुरुवारी ठरलं. नदी अजून भरलेली होती. वरच्या अकरा पायऱ्या दिसत होत्या, खालच्या वीस पाण्यात होत्या. पूर असताना घाटाचं उद्घाटन कशाला, असं कोणी विचारलं नाही. खात्याचे मोठे साहेब रिछारिया तर म्हणाले, "भरी नदी में घाट की शोभा ही कुछ और होती है."

मंत्रीजी लखनौहून हेलिकॉप्टरने येणार होते. सोमवारी तिकडून एक फॉर्म आला. जिथे उतरायचं तिथलं आकाश कोणीतरी डोळ्यांनी बघून, बुधवारी आणि गुरुवारी सकाळी आठला, लेखी कळवायचं होतं. इंग्रजीत. खाली बघणाऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर. पहिलाच रकाना होता, आकाशाची स्थिती.

रिछारिया साहेबांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला आणि लघाट्यांच्या टेबलावर ठेवला.

"लघाटे जी, यह आपका काम है."

"साहब, मी... मैं तो मौसम का कुछ जानता नहीं."

"मौसम जानने की ज़रूरत नहीं. अंग्रेज़ी जानने की ज़रूरत है. मौसम तो ऊपर दिख ही रहा है."

त्या संध्याकाळी लघाटे खंडेराव गेटजवळच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात शिरले, चप्पल काढली आणि चहाच्या आधीच मुलीला हाक मारली. मयुरा चोवीस वर्षांची होती. सीपरी बाज़ारात एका क्लासमध्ये ती परदेशी जाणाऱ्या मुलांना इंग्रजी परीक्षेसाठी बोलायला शिकवायची. मराठी तिला सगळं समजे, पण बोलताना मध्येच हिंदीचा हात धरावा लागे.

"मयुरा, आभाळ भरून आलेलं असलं, तर त्याला इंग्रजीत काय म्हणायचं?"

"बाबा, ते डिपेंड करतं. सिंपल स्टुडंट असला तर 'क्लाउडी'. थोडे चांगले नंबर पाहिजे असले तर 'ओव्हरकास्ट'. आणि एकदम टॉपचे पाहिजे असले, तर 'ब्लँकेट ऑफ ग्रे क्लाउड्स'. 'ग्लूमी' म्हटलं तर एग्ज़ामिनर खुश होऊन जातो."

"या सगळ्यांत फरक काय?"

"नंबरांचा."

"नाही, आकाशात काय फरक?"

दोन वर्षं मयुरा हे शब्द शिकवत होती. फळ्यावर त्यांचा तक्ता होता, एकाखाली एक, चढत्या क्रमाने. "आकाशात तर..." ती म्हणाली, "आकाशात मी कधी बघितलाच नाही, बाबा."

अंबिकाबाई ओट्याशी कोथिंबीर निवडत होत्या. त्या माहेरच्या सागरच्या. तिथल्या मराठी घरांत जुने शब्द अजून डब्यात घालून ठेवल्यासारखे टिकलेत. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे मळभ म्हणायचे. झाकोळलंय म्हणायचे. हवा कुंद झालीय म्हणायचे. यातलं एक कळवून टाका."

"अगं, लखनौला मळभ कळायचं नाही."

"मग ते इकडे येऊन काय कळून घेणार आहेत?"

मयुराने तोवर मोबाइलवर शोधलं होतं. त्यात निघालं ते लघाट्यांना एकदम पटलं. आकाशाचे आठ भाग मनात पाडायचे. ढग किती भागांत आहेत ते मोजायचं. तीन-चार भाग झाकलेले असले तर 'पार्टली क्लाउडी', पाच ते सात झाकलेले असले तर 'मोस्टली क्लाउडी', आणि आठही झाकलेले असले तरच 'ओव्हरकास्ट'. 'ग्लूमी' त्या यादीत नव्हतं. 'ब्लँकेट' तर नव्हतंच.

"म्हणजे हा हिशेब आहे!" लघाटे म्हणाले. त्यांना हायसं वाटलं. इंग्रजी कुठेतरी मोजून लिहायचं असतं, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं.

बापलेक गच्चीवर गेले. कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांनी आकाशाचे भाग पाडायचा प्रयत्न केला. ते नीट जमेना, म्हणून मयुरा पाण्याच्या टाकीला पाठ टेकून उभी राहिली आणि हातांनीच चार दिशा कापल्या.

"पाच," ती म्हणाली.

"सहा. किल्ल्यामागे बघ, तिकडेही आहे."

"ते तर धूर आहे, बाबा."

"मग पाच," लघाटे म्हणाले. मुलीशी आपलं एखाद्या आकड्यावर एकमत झालं याचा त्यांना उगीचच आनंद झाला. तिने क्लासची नोकरी धरल्यापासून दोघांत बोलायला विषय उरला नव्हता.

बुधवारी लघाटे पहाटे कचेरीच्या जीपने एरचला पोचले. मंडप उभा राहिला होता, हेलिकॉप्टरसाठी शेतात चुन्याचं गोल कुंडाळं काढलं होतं. आठला दहा मिनिटं कमी असताना लघाटे त्या कुंडाळ्यात जाऊन उभे राहिले. मान वर करून त्यांनी आठ भाग पाडले आणि एकेक मोजला. आठही भरलेले होते. कुठे फट नव्हती. राखाडी, जड, एकसारखं. शंका घ्यायला जागाच नव्हती. त्यांनी स्वच्छ अक्षरात 'ओव्हरकास्ट' लिहिलं.

रिछारिया साहेबांनी ते अक्षर लावून वाचलं.

"ओवर... कास्ट. यह कास्ट क्यों आया इसमें?"

"साहब, वो वाली कास्ट नहीं. पूरा ढका हुआ आसमान."

"आप समझ रहे हैं, लघाटे जी, चुनाव का साल है. सरकारी काग़ज़ में कास्ट लिखा जाएगा, वह भी ओवर! कौन सी कास्ट ओवर हो गई, लोग पूछेंगे."

साहेब गंमत करतायत की काय, म्हणून लघाट्यांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. साहेब गंमत करत नव्हते.

"तो 'क्लाउडी' लिख दूँ?"

"क्लाउडी पढ़कर लखनऊ वाले डर जाएँगे. मंत्री जी का आना रद्द हुआ तो ज़िम्मेदार कौन? आप. नीचे आपका ही नाम है. कुछ हल्का लिखिए."

तिथे ओव्हरसियर रमाकांत उभा होता. घाटाचं काम त्याच्याच देखरेखीखाली झालं होतं. तो म्हणाला, "साहब, 'प्लेज़ेंट' लिखवा दीजिए. शादी के कार्ड में देखा है, अच्छा शब्द है."

"हाँ, प्लेज़ेंट! और वह आधा वाला क्या होता है? थोड़ा-थोड़ा बादल?"

"पार्टली क्लाउडी," लघाटे म्हणाले, "पर साहब, पार्ट पड़ा नहीं है. आठ के आठ..."

"आप 'पार्टली' लिख दीजिए, पार्ट आसमान अपने आप कर लेगा."

लघाट्यांनी दुसरा फॉर्म घेतला आणि लिहिलं, 'पार्टली क्लाउडी. प्लेज़ेंट.' खाली स्वतःचं नाव लिहिलं, स्वतःचा नंबर लिहिला. साहेबांनी सही ठोकली, मोबाइलवर फोटो काढून कागद लखनौला गेला. सगळ्याला चार मिनिटं लागली.

दिवसभर लघाट्यांनी खुर्च्या मोजल्या, पाहुण्यांच्या नावाच्या पट्ट्या लावल्या, पण मन थाऱ्यावर नव्हतं. तीस वर्षांत त्यांनी साहेबांच्या सांगण्यावरून पुष्कळ गोष्टी लिहिल्या होत्या. 'विलंब अपरिहार्य कारणामुळे', 'प्रकरण विचाराधीन' वगैरे. त्यांचं त्यांना काही वाटलं नव्हतं, कारण तसल्या गोष्टी कोणी मान वर करून बघू शकत नव्हतं. हे मात्र डोक्यावर होतं. दुपारी जेवताना, कुल्हडातलं दही खाताना, तोंड धुताना, जेव्हा जेव्हा वर बघितलं तेव्हा ते आठही भाग भरलेले होते. आणि आपल्या 'पार्टली'च्या भरवशावर कोणी माणूस यंत्र घेऊन हवेत चढणार होता.

त्यांनी मयुराला फोन केला. "पाच नव्हते, आठ होते. मी तीन लिहिले."

मयुरा म्हणाली, "बाबा, असं नव्हतं करायला पाहिजे."

"नव्हतं करायला पाहिजे," लघाटे म्हणाले. मुक्काम एरचलाच, एका शाळेच्या खोलीत होता. ते लवकर झोपले.

गुरुवारी सकाळी त्यांना जाग आली ती आरडाओरड्याने. वरच्या भागात पावसाचा खंड पडला होता, तिकडच्या धरणाचे दरवाजे बंद झाले होते, आणि बेतवा एका रात्रीत पुरुषभर उतरली होती. घाटावर गर्दी जमली होती. लघाटेही गेले.

अकरावी पायरी होती. बारावी नव्हती. बारावीच्या जागी चिखल होता, त्या चिखलात दोन बांबू रोवलेले होते आणि सिमेंटची एक रिकामी गोणी बांबूला अडकून फडफडत होती. त्याखाली नदीपर्यंत नुसता उतार. म्हशी त्यावरून आरामात चालल्या होत्या.

रिछारिया साहेब रमाकांतला दबक्या आवाजात विचारत होते, "नीचे वाला हिस्सा कहाँ है?"

"यही है साहब," रमाकांत म्हणाला, "जो नहीं है."

"मैंने कहा था पानी महीना भर रहेगा या नहीं, ठीक से पूछ लो!"

"पूछा था साहब. पंडित जी से पूछा था."

लघाट्यांनी दोघांचं बोलणं ऐकलं. भरल्या नदीतल्या घाटाची शोभा काय असते, हे त्यांना तेव्हा कळलं. ते शेतातल्या चुन्याच्या कुंडाळ्यात जाऊन उभे राहिले. आठला पाच मिनिटं होती. ढग फाटले होते. पूर्वेला लख्ख निळं निघालं होतं. त्यांनी सावकाश मोजलं, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. तीन भाग. फार तर साडेतीन.

साहेब धापा टाकत आले. रुमालाने मान पुसत होते.

"लघाटे जी, लिख लिया?"

"लिख रहा हूँ. पार्टली क्लाउडी."

"नहीं, नहीं! ओवरकास्ट लिखिए."

लघाट्यांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "साहब, कास्ट..."

"कास्ट-वास्ट चलेगा! ख़ूब ओवरकास्ट लिखिए. और वह दूसरा, रोने वाला शब्द? आपकी बिटिया पढ़ाती है न?"

"ग्लूमी."

"वह भी लिखिए. ख़तरनाक भी लिखिए. हेलिकॉप्टर आज नहीं उतरना चाहिए. पानी दोबारा चढ़ेगा, तब बुला लेंगे."

"पर साहब, आसमान तो खुल गया."

"अरे, मैं तो आपसे वही लिखने को कह रहा हूँ जो आप कल लिखना चाहते थे! कल आप ही ज़िद कर रहे थे."

"कल था, साहब. आज नहीं है."

लघाट्यांचा आवाज चढला नव्हता. पण तीस वर्षांत साहेबांच्या शब्दानंतर आपला शब्द त्यांनी पहिल्यांदाच ठेवला होता. साहेबांनी फॉर्म त्यांच्या हातातून ओढला, पेन काढलं, आणि पेन कागदावर टेकवून तसेच उभे राहिले. ओव्हरकास्टचं स्पेलिंग त्यांना येत नव्हतं.

तेवढ्यात लघाट्यांचा मोबाइल वाजला. अनोळखी नंबर होता.

"मिस्टर लघाटे? मैं पायलट बोल रहा हूँ. आपका आठ बजे वाला फ़ॉर्म आया नहीं. आप इस वक़्त वहीं खड़े हैं?"

"जी, गोले के अंदर खड़ा हूँ."

"ऊपर क्या है?"

लघाट्यांनी इंग्रजीत सुरुवात केली. 'द स्काय इज' एवढं झाल्यावर पुढचे सगळे शब्द एकदम तोंडाशी आले, पार्टली, मोस्टली, प्लेज़ेंट, ग्लूमी, आणि एकही बाहेर पडेना. समोर साहेब दोन्ही हातांनी 'नाही, नाही' करत होते. लघाट्यांनी त्यांच्याकडे पाठ केली आणि वर बघितलं.

"साहब, आठ में तीन हिस्से बादल हैं. ऊँचे हैं. नदी पार एक पहाड़ी है, वह ऊपर तक पूरी दिख रही है. उस पर मंदिर का झंडा है, वह भी दिख रहा है."

"झंडा उड़ रहा है?"

"नहीं, लटका हुआ है."

"बस, यही चाहिए था," पायलट म्हणाला. "कल वाला फ़ॉर्म आप ही ने भरा था? उसमें प्लेज़ेंट लिखा था. हम लोग सोचते रहे, बादल कितना प्लेज़ेंट है."

"कल ग़लत लिखा था, साहब. कल आठ में आठ थे."

"आज सही बता रहे हैं?"

"आज सही है."

"ठीक है. मैं ऊपर से भी देखता आऊँगा. ग्यारह बजे."

फोन बंद झाला. रिछारिया साहेब लघाट्यांकडे बघत राहिले, घरात चोर शिरावा आणि तो आपलाच मेहुणा निघावा तसे. मग ते घाटाकडे पळाले.

पुढच्या तीन तासांत खात्याने जे काम केलं, तेवढं वर्षभरात केलं नसेल. अकराव्या पायरीवर आडवी झेंडूची भिंत उभी राहिली. तिच्यापुढे लाल फीत. मंडपातला गालिचा काढून घाटावर अंथरला. म्हशी हाकलल्या, त्या परत आल्या, पुन्हा हाकलल्या.

अकराला हेलिकॉप्टर उतरलं आणि त्याच्या वाऱ्याने झेंडूची भिंत नदीत गेली.

मंत्रीजी पायऱ्या उतरून आले, फीत कापली आणि खाली बघितलं. समोर चिखल, बांबू, गोणी. टाळ्या वाजायच्या थांबल्या. गावातले लोक पुढे सरकले. लघाटे मागे उभे होते. त्यांना वाटलं, आता होणार. तीस वर्षं कागदाखाली दडपलेलं काहीतरी आता सगळ्यांदेखत उघडं पडणार.

"सीढ़ियाँ यहीं तक हैं?" मंत्रीजींनी विचारलं.

"सर, यह पहला चरण है," रिछारिया म्हणाले. त्यांचा आवाज जराही हलला नाही. "ग्यारह सीढ़ियाँ. दूसरे चरण में बीस और."

मंत्रीजींचा चेहरा उजळला. एका घाटाला दोन उद्घाटनं, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं. त्यांनी माइक मागवला आणि तिथल्या तिथे दुसऱ्या टप्प्याची घोषणा केली. टाळ्या पुन्हा सुरू झाल्या, आधीपेक्षा मोठ्या. जाताना त्यांनी रिछारियांच्या पाठीवर थाप मारली. "इतना अच्छा मौसम भी आपने ही रखवाया क्या?"

लघाट्यांना आठवड्याने नोटीस मिळाली. पूर्वपरवानगीशिवाय, विहित नमुना सोडून, तोंडी आणि हिंदीत हवामान का सांगितलं, याचा खुलासा करावा. नोटीस इंग्रजीत हवी होती, आणि इंग्रजीत लिहिणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तिचा मसुदाही लघाट्यांनाच करायला लावला. त्यांनी नोटीस लिहिली, मग तिचं उत्तर लिहिलं. उत्तरात तीनच वाक्यं होती. विचारलं. बघितलं. जे दिसलं ते सांगितलं. साहेबांनी दोन्ही कागद एकाच फायलीत लावून टाकले आणि दोन महिने त्यांच्याशी बोलणं सोडलं.

घरी मात्र लघाट्यांना शांत झोप लागत होती. पण एक गोष्ट सलत होती. आकाश आपण खरं सांगितलं. पायऱ्यांबद्दल आपल्याला कोणी विचारलं नाही, आणि आपण सांगितलंही नाही.

"विचारल्यावर सांगणार होतात का?" अंबिकाबाईंनी विचारलं.

"हो... बहुतेक."

"मग आता 'बहुतेक'ला इंग्रजीत काय म्हणतात ते बघा," अंबिकाबाई म्हणाल्या आणि दिवा लावायला गेल्या.

नोव्हेंबरात दुसऱ्या टप्प्याचा प्रस्ताव लखनौला पाठवायची वेळ आली. तो इंग्रजीत पाठवायचा होता, त्यामुळे साहेबांचा अबोला संपला.

"लघाटे जी, उद्घाटन अगस्त में रखिए. दूसरा पखवाड़ा. नदी भरी हुई हो."

"जी."

"और मौसम का भी कुछ अच्छा-सा डाल दीजिए. पिछली बार मंत्री जी को मौसम बहुत पसंद आया था."

लघाट्यांनी तो मसुदा तीन दिवस घरी नेला. मयुरा टाइप करायला बसली. त्या दिवसांत दोघं शब्दकोशात डोकं खुपसून बसत. लघाटे मराठीत सांगत, ती इंग्रजी सुचवे, ते मोजून घेत. साहेबांनी सांगितलेला ऑगस्ट त्यांनी टाकला, अगदी पहिल्या परिच्छेदात. दुसऱ्या परिच्छेदात हवामान आलं. ऑगस्टात एरचचं आकाश आठात आठ भाग झाकलेलं असतं, हेलिकॉप्टर उतरेल याची खात्री देता येत नाही, मागच्या खेपेला बुधवारचा अहवाल चुकीचा गेला होता आणि तो आपणच लिहिला होता. उलट मेच्या तिसऱ्या आठवड्यात आकाश हमखास निरभ्र असतं. सबब, माननीय मंत्रीजींच्या सुरक्षिततेचा विचार करता, मे महिना विचारात घ्यावा.

"बाबा, आणि पायऱ्या?" मयुराने विचारलं.

लघाटे म्हणाले, "तिसरा परिच्छेद घाल. मे महिन्यात नदीचं पाणी सर्वांत कमी असतं, त्यामुळे एकतीसच्या एकतीस पायऱ्या मंत्रीजींना स्वतः बघता येतील."

मयुराने टाइप केलं. 'बघता येतील'साठी तिने दोन शब्द सुचवले. लघाट्यांनी साधा निवडला.

साहेबांनी कागद हातात घेतला. "मौसम का लिखा?"

"पूरा पैराग्राफ़ लिखा है, साहब."

"बढ़िया," साहेब म्हणाले आणि सही केली.

जानेवारीत मंजुरी आली. तारीख होती एकोणीस मे. लघाट्यांनी ती वाचून दाखवली तेव्हा रिछारिया खुर्चीतून उठले.

"मई में? झाँसी में? मई में तो नदी में पानी ही नहीं रहता!"

"जी, साहब."

"यह किसने लिखा?"

"आपने, साहब. मैंने तो बस अंग्रेज़ी की."

साहेबांनी प्रत मागवली, कोणाकोणाकडून वाचून घेतली आणि दुपारभर दार लावून बसले. मंजुरी आलेली तारीख बदलून मागायची, तर कारण लिहावं लागणार होतं. ते इंग्रजीत लिहायचं होतं, आणि लिहिणारा माणूस एकच होता. दुसऱ्या दिवशी रमाकांतला बोलावणं गेलं. फेब्रुवारीपासून दगडाचे ट्रक एरचला जायला लागले.

मेमध्ये मंत्रीजी आले नाहीत. त्यांचं खातं बदललं होतं. त्यांनी व्हिडिओवरून शुभेच्छा दिल्या आणि त्या ऐकायला लोक उन्हामुळे थांबले नाहीत. नंतरच्या रविवारी लघाटे, अंबिकाबाई आणि मयुरा सकाळच्या बसने एरचला गेले. घाटावर बायका धुणं धूत होत्या. नदी आक्रसून पार तळाशी गेली होती. तिघं मोजत उतरले, लघाटे मराठीत, मयुरा हिंदीत, आणि अंबिकाबाई गुडघे धरून मुकाट्याने. एकोणतिसाव्या पायरीवर पाणी लागलं.

"उनतीस," मयुरा म्हणाली. "दोन कमी आहेत, बाबा."

"पाण्यात असतील," लघाटे म्हणाले, पण त्या बोलण्यावर त्यांचाच विश्वास बसेना. त्यांनी चपला काढून अंबिकाबाईंकडे दिल्या, धोतराचा काठ वर खोचला आणि पाण्यात पाय घातला. तिसावी लागली. ते आणखी खाली उतरले. पाणी पोटरीपर्यंत आलं. त्यांनी अंगठ्याने चाचपून पाहिलं. एकतिसावीही होती. जरा हलत होती.